आजीचा चेहरा खडबडीत का झाला? ॲक्रिलिकमध्ये माणसं रंगवताना पोत कुठे द्यावा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: २४ बाय ३० इंचाच्या ताणलेल्या कॅनव्हासवर फोटोवरून आजीचं व्यक्तिचित्र करायला घेतलंय. सुरकुत्या खऱ्या वाटाव्यात म्हणून चेहरा, लुगडं, मागची भिंत अशी सगळीकडे टेक्स्चर पेस्ट लावली. वाळल्यावर गालावर तडे गेले, आणि रंग चढवल्यावर आजी म्हातारी न दिसता आजारी दिसायला लागली. आता चेहऱ्यावर टेक्स्चर करायचं कसं, आणि मीठ, स्पिरिट, क्रॅकल (वाळताना मुद्दाम तडे पाडणारी पेस्ट) यातलं काय वापरावं?

आधी माझीच फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरी त्यांच्या वारलेल्या वडिलांचं पोर्ट्रेट करून दिलं होतं. माझ्या स्टुडिओत खिडकीचा उजेड चित्रावर समोरून पडायचा, त्यात गालावरचं पेंटिंग नाईफचं (रंग लिंपायच्या बोथट पात्याचं) काम झकास दिसत होतं. त्यांनी चित्र दिवाणखान्यात लावलं आणि बरोब्बर वर, छताला, नवा कोरा स्पॉटलाइट बसवून घेतला. दिवा लागला. त्यांची आई दोन मिनिटं बघत राहिली आणि मुलाला म्हणाली, "अरे, ह्यांना देवी कधी आल्या होत्या?"

चित्र परत आणलं, पैसे परत दिले. पण त्या बाईंच्या एका वाक्यात जे कळलं, ते कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पोत म्हणजे उठाव, आणि उठावाला स्वतःची सावली असते. ती सावली तुम्ही रंगवत नाही, खोलीतला दिवा रंगवतो. फोटोत उजेड डावीकडून आलेला असतो, तुम्ही गालाची उजवी बाजू गडद करता. पण भिंतीवरचा दिवा वरून येतो आणि गालावरच्या प्रत्येक उंचवट्याखाली एक बारीक काळी चंद्रकोर काढतो. एकाच चेहऱ्यावर दोन उजेड भांडायला लागले, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, नुसतं 'काहीतरी बरं नाही' एवढंच जाणवतं. तुमची आजी आजारी दिसते ती यामुळे. रंग चुकलेला नसेलही.

म्हणून चेहऱ्यापुरता मी एक नियम पाळते: जिथे उजेड पडलाय तिथेच जाड, सावलीत पातळ. हा काही माझा शोध नाही. डच चित्रकार रेम्ब्राँच्या उतारवयातल्या कामात हे उघड दिसतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं 'ज्यूइश ब्राइड' नावाने ओळखलं जाणारं, साधारण १६६५च्या सुमाराचं चित्र आहे. त्यातल्या पुरुषाच्या सोनेरी बाहीवर रंग अक्षरशः लिंपलाय, त्याचे ढेकूळ-पापुद्रे दिसतात. चेहऱ्यांवर तो इतका मोकाट सुटलेला नाही. सावल्या पातळ आहेत. सावलीत जाड रंग लावला, तर त्या उंचवट्यावर खोलीतला उजेड चमकतो आणि सावली सावली राहत नाही, इतकं साधं आहे हे.

याच्या नेमकं उलट करणारा एक माणूस होता, म्हणून त्याचंही नाव घेते. फ्रेंच चित्रकार जाँ फोत्रिए. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४५च्या काळात, त्याने ओलिसांची डोकी रंगवली. कॅनव्हासवर चिकटवलेल्या कागदावर पांढुरक्या लेपाचा जाड गोळा, आणि त्यावर नाक-डोळ्यांच्या जेमतेम खुणा. अख्खं डोकंच पोत आहे. पण ती डोकी कोणा एकाची ओळखता येत नाहीत, आणि तोच त्यांचा अर्थ आहे. तुम्हाला आजी ओळखू यायला हवी आहे. तेव्हा हा रस्ता आपला नाही.

आता तड्यांकडे येऊ. मॉडेलिंग पेस्ट किंवा आपल्याकडे 'टेक्स्चर व्हाइट' म्हणून डबीत मिळतं ते म्हणजे मुख्यतः संगमरवरासारख्या दगडाची बारीक भुकटी आणि ॲक्रिलिकचा बाइंडर. ॲक्रिलिक वाळतं ते त्यातलं पाणी उडून. पाणी गेलं की थर आकसतो. वरची साय आधी धरते, आतलं ओलंच असतं, मग आतलं आकसायला लागलं की वरची साय फाटते. तळ्यातला गाळ उन्हाळ्यात भेगाळतो ना, तसंच. त्यात तुम्ही कॅनव्हास ताणलेला घेतलाय. तो ढोलकीच्या पुडीसारखा हलतो, पेस्ट हलत नाही.

उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करायचे. जाड काम करायचं असेल तर कॅनव्हास सहा मिलिमीटरच्या प्लायवर किंवा एमडीएफवर चिकटवून घ्या. पेस्टमध्ये निम्म्याला निम्मं हेवी जेल (ॲक्रिलिकचा घट्ट, बिनरंगी बाइंडर) मिसळा, म्हणजे तिला लवचीकपणा येतो. आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या वर थर द्यायचा नाही. हवं तर चार वेळा द्या. हेअर ड्रायर लांब ठेवा, तो साय धरवतो. नागपुराकडच्या उन्हाळ्यात मी काम केलंय, तिथे दहा मिनिटांत साय येते. तेव्हा वर प्लास्टिकचा कागद सैलसर टाकून ठेवायचे. कोकणात पावसाळ्यात उलट, तोच थर तीन-चार दिवस घेतो. वाळला की नाही हे बघायला बोट खुपसू नका. तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

पेस्ट महाग पडते हे खरं. त्यासाठी मी सर्रास पांढरी रांगोळी वापरते. दगडाचीच भुकटी ती. बारीक चाळणीने चाळून हेवी जेलमध्ये खिरीसारखी कालवली, की भिंती आणि कपड्यांसाठी उत्तम खरखरीत लेप होतो. फक्त पांढरीच घ्या. रंगीत रांगोळीचे रंग उजेडाने उडतात, ते दोन दिवसांच्या अंगणासाठी असतात. जेलच्या जागी सुतारकामाचा पांढरा गोंद मात्र नको. तो दमट हवेत पुन्हा मऊ पडतो, आणि माझ्या एका चित्राला पहिल्याच श्रावणात बुरशीचे ठिपके आले होते. प्लास्टर ऑफ पॅरिस कॅनव्हासवर पोपड्यांनी सुटतं. पांढरं सिमेंट क्षारयुक्त असतं, प्रशियन ब्लूसारखा निळा त्यात टिकत नाही. समुद्राची वाळू वापरणार असाल तर गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुऊन घ्या, नाहीतर मीठ पृष्ठभागावर फुटून येतं. आणि तांदूळ, मोहरी, कॉफी पावडर वगैरे चिकटवायचे व्हिडिओ दिसतात ते बघा आणि सोडून द्या. घरात किड्यांना आमंत्रण आहे ते.

आता प्रत्यक्ष आजी.

रंगाला हात लावण्याआधी कोळशाने कॅनव्हासवर एक नकाशा काढा. उजेड डावीकडचा आहे असं धरते. जाड कुठे: कपाळाची डावी बाजू, नाकाचं हाड, डाव्या गालाचा उंचवटा, पांढरे केस, लुगड्याचे काठ, भिंत. पातळ कुठे: सावलीतला अर्धा चेहरा आणि मान. काहीच नाही कुठे: डोळे, पापण्या, नाकपुड्या, ओठांची कड. या जागा साबुदाण्याच्या पापडासारख्या झाल्या की चेहरा संपला. डोळ्यातला चमकेचा ठिपका पिनेच्या डोक्याएवढा असतो, त्याखालची जमीन गुळगुळीत नसेल तर तो ठिपका बसतच नाही, घरंगळतो.

पेस्ट लावताना नाईफ त्वचेच्या दिशेने फिरवा. कपाळावर आडवा, गालावर डोळ्याखालून कानाकडे आणि तिथून हनुवटीकडे वळणारा. म्हाताऱ्या माणसाची कातडी गुरुत्वाकर्षणाने जिकडे झुकते तिकडेच. उंची किती? चेहऱ्यावर नखाच्या जाडीपेक्षा जास्त नको. तुम्ही सुरकुत्या उठवायला गेलात, तिथे घोळ झाला. सुरकुती ही खाच असते, बांध नव्हे. तेव्हा आधी पातळ सपाट थर द्या, तो अर्धवट ओला असताना ब्रशच्या मागच्या टोकाने सुरकुती ओढा आणि ओढताना दोन्ही बाजूंना जे वर येतं ते ओल्या बोटाने दाबून टाका. सात-आठ मुख्य सुरकुत्या पुरेत. बाकीच्या पन्नास बघणारा स्वतःच्या मनाने भरतो.

मान आणि हात यांच्यासाठी मला पेस्टपेक्षा टिश्यू पेपर आवडतो. टिश्यूचा एकच पदर घ्यायचा, मऊ जेल लावलेल्या जागेवर सैल ठेवायचा आणि ओलसर ब्रशने ढकलत ढकलत त्याच्या चुण्या पाडायच्या. वरून पुन्हा जेल. वाळल्यावर आजीच्या हाताच्या पाठीवरची कातडी जशी चिमटीत धरली तर सावकाश मागे जाते, तसं काहीतरी दिसतं. उंची जवळजवळ नाहीच, त्यामुळे दिव्याची सावलीही पडत नाही. थोडा जाड पोत हवा असेल तर चिंध्यांपासून केलेला पातळ हातकागद वापरा, पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मी अनेक वर्षं वापरते आहे.

केसांना जुनी फणी. निम्मे दात मोडलेली असेल तर फारच छान, कारण नव्या फणीने केस शेतातल्या सऱ्यांसारखे एकसारखे येतात. कपाळापासून अंबाड्याकडे एकदाच ओढायची, परत परत नाही. लुगड्यासाठी किंतानाचा तुकडा ओल्या पेस्टवर दाबून उचला, सुताच्या विणीचा ठसा आयता मिळतो. किंतान थोडं ओलं करून घ्या, नाहीतर पेस्टही बरोबर येते. घडीच्या दिशेप्रमाणे किंतान तिरकं फिरवलं तरच घडी वळल्यासारखी दिसते. सगळीकडे सरळ दाबलं तर आजीने पोतं गुंडाळल्यासारखं वाटतं. आणि काठाची नक्षी, पाटल्या, नथीचे मोती यांसाठी मेंदीचा कोन. जेल आणि पेस्ट भरायची, टोक अगदी बारीक कापायचं. बाजारात यासाठी महागड्या बाटल्या मिळतात. मेंदी काढणाऱ्या मुलीचा हात त्या बाटलीपेक्षा चांगला चालतो, घरात अशी कोणी असेल तर तिलाच बसवा.

पेस्ट पूर्ण वाळली की रंग लावायची घाई करू नका. खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या वरच्या कडेला, भिंतीला जवळजवळ चिकटवून खाली धरा. तोच तो माझा स्पॉटलाइट. चेहऱ्यावर जे नको ते सगळं त्या तिरप्या उजेडात चोरासारखं पकडलं जातं. तिथे २२० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ओलंच घासायचं, ती भुकटी नाकातोंडात जाणं चांगलं नाही. मग एक महत्त्वाचा थर जो बहुतेक जण विसरतात: वाळलेली पेस्ट टीपकागदासारखी रंग पिते, आणि रंग खडूसारखा निर्जीव दिसतो. तेव्हा मॅट मीडियमचा (रंग नसलेला, न चमकणारा पातळ ॲक्रिलिक बाइंडर) पातळ हात देऊन तिची तहान आधी भागवा.

रंगांचं थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा विषय आहे. ट्यूबमध्ये 'फ्लेश टिंट' म्हणून मिळतो तो गुलाबी रंग आपल्या माणसांसाठी नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा अल्ट्रामरीन आणि पांढरा एवढ्यात आपल्याकडची बहुतेक कांती निघते. सावलीत काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पुरतात. ॲक्रिलिक ओलं असताना बाइंडर दुधाळ असतो, वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि छटा गडद होते. त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा एक फराटा पुठ्ठ्यावर ओढून वाळू द्या आणि मगच चेहऱ्याला लावा. मी वीस वर्षांनंतरही पुठ्ठा बाजूला ठेवून रंगवत नाही.

पोतावर रंग चढवायच्या दोन रीती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. ग्लेझ खाचेत बसतो, कोरडा ब्रश उंचवट्यावर. ग्लेझ म्हणजे एक भाग रंगाला आठ-दहा भाग ग्लॉस मीडियम. लावायचा आणि लगेच सुती फडक्याने वरवर पुसायचा, उंचवटे मोकळे होतात, खाचा भरून राहतात. नवीन माणूस इथे हटकून एक गोष्ट करतो: रॉ अंबर किंवा काळपट तपकिरी ग्लेझ अख्ख्या चेहऱ्यावर देतो. सगळ्या सुरकुत्या एकदम 'दिसतात', त्याला आनंद होतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर आजी चुलीपुढून उठून आल्यासारखी, खाचाखाचांत काजळी. चेहऱ्याचा ग्लेझ मूळ कातडीपेक्षा जेमतेम दोन छटा गडद आणि उबदार ठेवा. बर्न्ट सिएनात चिमूटभर तांबडा. काळपट ग्लेझ लुगड्याला आणि भिंतीला खुशाल द्या, तिथे तो शोभतो. कोरडा ब्रश केसांसाठी राखून ठेवा. ब्रशला पांढरा-राखाडी रंग लावून फडक्यावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि फणीच्या रेघांवरून आडवा फिरवायचा. पाच मिनिटांत केस उभे राहतात.

तुमच्या फोटोत आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे का ते सांगितलं नाहीत, पण त्या पिढीत बहुतेक असतंच. ते शेवटी वर ठिपके देऊन करू नका. गोंदण कातडीच्या खाली असतं. म्हणून शेवटचे दोन ग्लेझ शिल्लक असताना निळसर हिरव्याचे ठिपके द्या, कडा ओल्या बोटाने जराशा विरघळवा आणि वरून ते दोन ग्लेझ जाऊ द्या. ठिपके आत जातात. कुंकू याच्या उलट, ते कातडीवर असतं, म्हणून अगदी शेवटी, अपारदर्शक आणि सपाट. खरं कुंकू चिकटवायची कल्पना अनेकांना सुचते. हळद-चुन्याच्या कुंकवाचा रंग उजेडात टिकत नाही, कपाळ काही वर्षांत फिकं पडतं. ते नको.

आता इफेक्ट. मीठ हे जलरंगातलं औषध आहे. ॲक्रिलिकमध्ये ते धड चालत नाही, आणि कण राहिले तर पावसाळ्यात ओल धरतात. स्पिरिट चालतं. वाळलेल्या रंगावर दुसऱ्या रंगाचा पातळ, ओला थर द्यायचा आणि त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे. रंग बाजूला पळतो आणि खालच्या रंगाची गोल वलयं उघडी पडतात. थर शाईसारखा वाहता असला तरच होतं, आणि खिडक्या उघड्या ठेवा. जुन्या मातीच्या भिंतीला, पाठीमागच्या उजेडाला झकास. स्वयंपाकघरातला क्लिंग फिल्म ओल्या रंगावर चुरगाळून ठेवला आणि रात्रभर वाळू दिला तर गिलाव्याच्या बारीक शिरा मिळतात. क्रॅकल पेस्ट फक्त फळीवर आणि फक्त भिंतीत. चेहऱ्यावर क्रॅकल देऊन 'काळाच्या खुणा' दाखवणारी चित्रं मी प्रदर्शनांत पुष्कळ बघते आणि प्रत्येक वेळी मला ती माणसं फुटलेल्या बशीसारखी वाटतात. हे माझं मत आहे, तुम्हाला वेगळं वाटू शकेल.

यातला एकच इफेक्ट निवडा, फार तर दोन. चेहऱ्याच्या कडेपासून चार बोटं अंतरावर तो थांबवा.

आणि तुमचा आत्ताचा कॅनव्हास फेकू नका. मागून लाकडी चौकटीच्या आत नेमका बसेल असा प्लायचा तुकडा लावा, म्हणजे हालचाल थांबेल. गालावरची पेस्ट ओल्या पॉलिशपेपरने निम्म्यावर आणा. रंगाचा थर आधी गोळ्या होऊन निघेल, घाबरू नका. तडे जेल-पेस्टच्या मिश्रणाने भिंतीला पुट्टी भरतात तसे भरा, दोनदा. डोळे आणि ओठ पूर्ण सपाट करून घ्या. मग जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात आणि टॉर्च. लुगड्याला आणि भिंतीला हात लावू नका, तिथला खडबडीतपणा आहे तसाच कामाला येईल.

झाल्यावर दोन आठवडे तरी उघडं ठेवा, मग साटिन वार्निशचे दोन विरळ फवारे. ग्लॉस दिलंत तर प्रत्येक उंचवटा वेगळा चमकेल, आणि मॅट दाट दिलंत तर खाचांत पांढुरकं साचेल. गावी न्यायचं असेल तर चित्राला थेट बबल रॅप गुंडाळू नका. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तीन तास राहिलेल्या माझ्या एका चित्रातल्या बाईच्या दंडावर त्या बुडबुड्यांचे गोल अजून आहेत. आधी केक भाजायला वापरतात तो सिलिकॉनचा कागद, मग पुठ्ठ्याची चौकट, मग काय ते गुंडाळा, आणि सीटवर उभं ठेवून न्या.